गोळी स्वस्त, दुखणं महाग

दर महिन्याच्या मध्यावर पेपरात महागाईचा आकडा येतो. कधी 'महागाईचा दर घटला', कधी 'महागाई पुन्हा भडकली'. दर घटला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नव्हे, त्या जरा कमी वेगाने महाग होतायत एवढंच. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी मथळा वाचून बरं वाटतं. मला मात्र गेली काही वर्षं तो आकडा वाचला की एकच प्रश्न पडतो. ही महागाई नक्की कुणाच्या घरची?

मी १९५४ चा. १९९८ पासून मधुमेह, त्यानंतर दोनेक वर्षांत रक्तदाब. पिंपरीच्या पट्ट्यात खाजगी कारखान्यात नोकरी केली आणि २०१२ साली निवृत्त झालो. तेव्हापासून घरखर्चाची वही ठेवतो. (सौ. म्हणते, नोकरीत कधी एवढा हिशोब ठेवला नाहीत!) वहीत किराणा, दूध, वीज, औषधं असे साधे रकाने आहेत. गेल्या वर्षीची बेरीज केली तर शंभरातले एकतीस रुपये औषधं, तपासण्या आणि डॉक्टर यांवर गेलेले. सरकारच्या २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ महागाईच्या मालिकेत आरोग्याला किती वाटा होता? शंभरात ५.८९. शहरांसाठी तर त्याहून कमी, ४.८१.

यात सरकारने लबाडी केली असं मी म्हणत नाही. सगळ्या देशातल्या सगळ्या घरांची सरासरी काढली तर असाच आकडा येणार. पण सरासरीच्या घरात तरुण नवरा-बायको असतात, शाळेत जाणारी पोरं असतात, एखादे आजोबा असतात. फक्त दोन म्हातारे आणि चार आजार असलेलं घर त्या सरासरीत विरघळून जातं. हे असं का झालं ते शोधता शोधता मी बराच मागे गेलो. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

सुरुवात आपल्या मुंबईतच होते. पहिल्या महायुद्धात धान्य, कापड, रॉकेल सगळंच कडाडलं. १९१७ पासून गिरण्यांनी पगारावर महागाईपोटी काही टक्के वाढ द्यायला सुरुवात केली, पण ती पुरेना. १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षी जानेवारीत गिरणी कामगारांचे मोठे संप झाले. महागाई किती वाढली यावर मालक एक बोलणार, कामगार दुसरं. मग कुणीतरी मोजायला हवं. १९२१ साली मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि कामगारांच्या राहणी खर्चाचा निर्देशांक दर महिन्याला छापायला सुरुवात केली. जुलै १९१४ चे भाव म्हणजे १००, आणि तिथून पुढे मोजणी.

त्या निर्देशांकात होतं काय? धान्यं, डाळी, खाण्याचे इतर पदार्थ, जळण आणि दिवाबत्ती, कपडे, घरभाडं. बस्स. औषध नावाचा गटच नव्हता. 'इतर खर्च' असा गट १९३३-३४ हे पायाभूत वर्ष धरलेल्या पुढच्या मालिकेत आला. आणि त्या काळाला ते धरूनच होतं. गिरणीतला माणूस थकला की गावी जाणार. आजारपण म्हणजे आठ-पंधरा दिवसांचा ताप, एकतर बरा व्हायचा नाहीतर माणूस घेऊन जायचा. तीस वर्षं रोज गोळ्या घेत जगणारा माणूस तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मधुमेहावर इन्सुलिन सापडलं तेसुद्धा त्याच १९२१ साली, टोरांटोमध्ये. बॅंटिंग, बेस्ट आणि त्यांचे सहकारी. पुढे पेटंटचे हक्क त्यांनी प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

मला हा योगायोग फार विलक्षण वाटतो. एकाच वर्षी मुंबईत महागाई मोजायची सोय झाली आणि टोरांटोत असं औषध सापडलं की ज्याने जुनाट आजार घेऊन म्हातारं होणं शक्य झालं. या दोन गोष्टींची नीट गाठ मात्र अजून पडलेली नाही.

आता औषधांकडे येतो. आज भारतातली औषधं जगात स्वस्त म्हणून ओळखली जातात, पण हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही. स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस-पंचवीस वर्षं परिस्थिती उलटी होती. पेटंटचा कायदा इंग्रजांच्या काळचा, १९११ चा. बाजार परदेशी कंपन्यांचा. १९६० च्या आसपास अमेरिकन सिनेटची केफॉव्हर समिती औषधांच्या किमतींची चौकशी करत होती, तिनेसुद्धा भारतातल्या काही औषधांच्या किमती जगातल्या सर्वात चढ्या किमतींत मोजल्या होत्या.

त्यावर उपाय म्हणून जे झालं त्यातलं एक आमच्या पिंपरीतलं. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. आमच्याकडे तिला नुसतं 'एच.ए.' म्हणतात. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागलं. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये सरकारने पहिल्यांदा औषधांच्या किमती गोठवल्या. आणि मग आला १९७० चा पेटंट कायदा, जो अंमलात आला १९७२ च्या एप्रिलमध्ये. औषधाच्या रेणूवर पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर, असं त्याने ठरवलं. म्हणजे तेच औषध तुम्ही वेगळ्या पद्धतीने बनवू शकलात तर खुशाल बनवा. या एका कलमावर आपला सगळा औषध उद्योग उभा राहिला. १९९८ साली मला पहिल्यांदा मेटफॉर्मिन लिहून दिलं तेव्हा मी न कुरकुरता ती गोळी विकत घेऊ शकलो, त्यामागे हे सगळं होतं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

पण याच काळात दुसरी एक गोष्ट हळूहळू उलटी चालली होती. १९७९ च्या आदेशात ३४७ औषधं किंमत नियंत्रणाखाली होती. १९८७ मध्ये ती १४२ उरली, १९९५ मध्ये ७४. मग १ जानेवारी २००५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार रेणूवरचं पेटंट परत आलं. जुनी औषधं स्वस्तच राहिली, पण नवीन येणारी दुसऱ्या भावाने येऊ लागली.

याचा अर्थ काय ते मला माझ्याच वहीत सापडलं. मेटफॉर्मिनने भागेना तेव्हा डॉक्टरांनी सिटाग्लिप्टिन सुरू केलं. एका गोळीला चाळीसेक रुपये! महिन्याचे बाराशे फक्त या एका गोळीचे. जुलै २०२२ मध्ये तिचं पेटंट संपलं. एकामागून एक कंपन्यांनी तीच गोळी काढली आणि वहीतला आकडा एकदम खाली आला. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं तसंच झालं. साठेक रुपयांची गोळी काही कंपन्यांनी दहा रुपयांच्याही खाली आणली. गोळीत काही बदल नाही, माझ्या शरीरात काही बदल नाही, फक्त एक तारीख उलटली. त्या तारखेच्या आधी ज्यांना ती परवडली नाही त्यांचं काय झालं, हे कुठल्याच निर्देशांकात दिसत नाही.

आता पेन्शन. खाजगी नोकरीतल्या माणसाची पेन्शन म्हणजे १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना, ईपीएस-९५. सूत्र सोपं आहे. पेन्शनसाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. मेख त्या 'धरलेल्या पगारात' आहे. मी निवृत्त झालो तेव्हा ही मर्यादा साडेसहा हजार होती. १९९५ च्या आधीच्या नोकरीचं थोडंफार धरून माझी पेन्शन बसली महिना २०७९ रुपये. ती आजही २०७९ आहे. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही.

सरकारी निवृत्तांचं तसं नाही, आणि त्यामागेही इतिहास आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सुप्रीम कोर्टाने नकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन म्हणजे मालकाने मेहेरबानी म्हणून दिलेली बक्षिसी नव्हे, तो केलेल्या सेवेतून आलेला हक्क आहे. निवृत्त मंडळी तो दिवस अजून 'पेन्शनर्स डे' म्हणून पाळतात. पुढे सहाव्या वेतन आयोगाने तर आणखी शहाणपणाची गोष्ट केली. ऐंशी वर्षं पूर्ण झाली की पेन्शन २० टक्क्यांनी जास्त, पंचाऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंचाण्णवला ५० आणि शंभरीला दुप्पट. कारण वय वाढतं तशा गरजा, त्यातही औषधपाण्याच्या, वाढतात. म्हणजे ही गोष्ट सरकारला कळत नाही असं नाही. कळते, पण ती फक्त सरकारी निवृत्तांपुरती लागू आहे. शिवाय केंद्र सरकारी मंडळींना १९५४ पासूनची सीजीएचएस आहे, तिथून रोजची औषधंही मिळतात. मला त्यांचा हेवा वाटत नाही. उलट जे त्यांना मिळालं ते मागता येण्यासारखं आहे, एवढंच त्यातून दिसतं.

आणि आता यातला सगळ्यात मोठा विनोद. २०१३ च्या औषध किंमत आदेशाने एक नवी पद्धत आणली. आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांची कमाल किंमत ठरवायची बाजारातल्या ब्रँडांच्या सरासरीवरून, आणि दर वर्षी घाऊक किमतींचा निर्देशांक जितका वाढला तितकी ती वाढवू द्यायची. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही परवानगी होती १०.७६ टक्क्यांची, २०२३ मध्ये १२.१२ टक्क्यांची. (२०२४ मध्ये ती जवळपास शून्य होती, हेही सांगायला हवं.) यादीबाहेरची औषधं तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येतात. म्हणजे काय झालं बघा.. माझ्या गोळीला महागाई भत्ता मिळतो, मला मिळत नाही :)

हसून झालं. आता ताईची गोष्ट.

ताई माझी थोरली बहीण, सातारा जिल्ह्यात राहते, वय अठ्ठ्याहत्तर. दाजी साखर कारखान्यात होते. ते गेल्यावर तिला मिळते विधवा पेन्शन. ती इतकी कमी होती की २०१४ च्या सप्टेंबरपासून किमान पेन्शन हजार रुपये ठरली तेव्हा तिची वाढली! बाकी दाजींच्या फंडाचे पैसे ठेवीत आहेत, त्याच्या व्याजावर घर चालतं. मुलं आहेत, चांगली आहेत, पण मागायचा तिचा स्वभाव नाही.

व्याजाचाही एक छोटा इतिहास आहे. ज्येष्ठ नागरिकांची बचत योजना २००४ साली निघाली तेव्हा ९ टक्के देत होती. एप्रिल २०२० मध्ये दर ७.४ वर आला, एप्रिल २०२३ मध्ये ८.२ झाला. मधल्या २०२०-२१ मध्ये किरकोळ महागाईच सहा टक्क्यांच्या वर होती. ताईच्या बँकेतल्या ठेवी तर पाच-साडेपाचवर आल्या. घरात पैसे तेवढेच, पण त्यातून येणारा महिना अर्धा झाल्यासारखा.

तिला इन्सुलिनचं पेन दिलेलं होतं, ग्लार्जिनचं. एका काडतुसात ३०० युनिट. सुई तपासायला वाया जातात ती धरून रोज वीस युनिट. म्हणजे एक काडतूस पंधरा दिवस पुरायला हवं. गेल्या वर्षी तिच्याकडे आठवडाभर राहिलो तेव्हा सवयीने तिची औषधांची बिलं तारखेनुसार लावली. दोन काडतुसांमध्ये बावीस-बावीस दिवसांचं अंतर! मी विचारलं, "ताई, हे पुरतं कसं तुला?"

ती म्हणाली, "अरे, मी जेवतेच कमी. मग औषध तेवढं कशाला?"

जेवण कमी का, तर तेही हिशोबातच बसवलेलं. मधुमेह्याला डॉक्टर सांगतात भात कमी करा, डाळ, उसळ, भाजी वाढवा. पण रेशनवर स्वस्त मिळतो तांदूळ आणि गहू. भाव उसळी घेतात ते डाळीचे आणि भाज्यांचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली होती ते आठवत असेल. साखर मोजायच्या पट्ट्या तिने आधीच बंद केल्या होत्या, एका पट्टीला वीसेक रुपये म्हणून. त्यामुळे साखर किती वाढलीय हे दिसायचीही सोय नाही. पायाच्या अंगठ्याची साधी जखम दोन महिने भरत नव्हती.

मला तिच्यावर रागवताही येईना. तिने काय काय कापलं होतं ते बघा. वीजबिल कापता येत नाही, गॅस कापता येत नाही, नातवंडांच्या हातावर ठेवायचे पैसे ती कापणार नाही. ज्याच्यावर कुणाचं लक्ष नाही असा एकच खर्च होता, तिच्या स्वतःच्या शरीराचा. तो तिने कापला.

नेमका हाच खर्च मोठ्या उपचार योजनांत बसत नाही. २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना आली, तिचंच २०१७ मध्ये महात्मा फुले योजना असं नाव झालं. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचे उपचार. ताईचं कार्ड काढलंय आम्ही. चांगलीच योजना आहे. पण ती दवाखान्यात दाखल झाल्यावरची. ताईचा अंगठा कापायची वेळ आली असती तर शस्त्रक्रियेचा खर्च मिळाला असता. तो कापावा लागू नये म्हणून लागणारं रोजचं इन्सुलिन मात्र तिचं तिने बघायचं. खाजगी विम्याचीही तीच तऱ्हा, वर हप्ता दरवर्षी चढता. जानेवारी २०२५ मध्ये नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता विचारल्याशिवाय वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही असं बजावलं आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी गेला. तेवढाच दिलासा.

मग आम्ही काय केलं? तिच्या डॉक्टरांकडे बसून स्पष्ट सांगितलं की हे परवडत नाही. हे वाक्य बोलायला ताईला फार जड गेलं. पण डॉक्टर भले माणूस. त्यांनी अख्खी यादी पुन्हा तपासली. दोन गोळ्यांची आता गरजच नव्हती, त्या बंद केल्या. पेनच्या जागी साधं ह्युमन इन्सुलिन, बाटलीतलं, दिवसातून दोनदा. हे देशात बनायला लागलं २००३-०४ मध्ये, आधी वोक्हार्टने आणि मग बायोकॉनने आणलं, आणि त्याच्या किमतीवर नियंत्रणही आहे. (एक सूचना. आपल्याकडची बाटली बहुधा ४० युनिटची असते, तिला ४० चीच सिरिंज हवी, लाल टोपणाची. १०० ची नारिंगी टोपणाची घेतली तर डोस चुकतो. आणि हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही करू नये.) बाकी गोळ्या जनऔषधी केंद्रातून. हे पहिलं केंद्र २५ नोव्हेंबर २००८ ला अमृतसरला निघालं होतं, २०२५ च्या सुरुवातीला देशभरात पंधरा हजार झाली. ताईचा औषधांचा महिना साडेतीन हजारांवरून चौदाशेच्या आसपास आला आणि त्यात आठवड्याला तीन पट्ट्याही बसल्या. जखम सहा आठवड्यांत भरली.

चौदाशेसुद्धा तिच्या हजार रुपये पेन्शनपेक्षा जास्तच आहेत. म्हणून भाचरांनी मिळून औषधांच्या दुकानात महिन्याचं खातं लावून दिलंय. पैसे थेट दुकानात, ताईच्या हातात नाहीत. हातात दिले तर ते नातवंडांच्या खिशात जातील हे सगळ्यांना ठाऊक आहे!

१९२१ मध्ये मुंबईत निर्देशांक सुरू झाला तो कुणाला आकडेमोडीची हौस होती म्हणून नव्हे. कामगारांनी दोन वर्षं लागोपाठ संप केले म्हणून महागाई मोजावी लागली. १९६३, १९७०, १९८२.. प्रत्येक वेळी आधी कुणीतरी 'हे परवडत नाही' असं मोठ्याने म्हटलं आहे. म्हातारी आजारी माणसं संप करू शकत नाहीत, आणि ताईसारखी असतील तर मोठ्याने म्हणतही नाहीत. ती गुपचूप वीसचे चौदा युनिट करतात.

तेव्हा नातेवाईक मंडळींनो, आणि ज्यांच्या घरी आई-वडील, काका-मावशी एकटे राहतात अशा सगळ्यांनाच, एक विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा "औषधं घेता ना वेळेवर?" असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. बिलं मागून घ्या आणि तारखा बघा. पंधरा दिवसांचं औषध बावीस दिवस पुरत असेल तर त्या घरी महागाई किती आहे ते तुम्हाला तिथेच कळेल.

असो. ताईची साखर परवा उपाशीपोटी १२८ होती. तिने स्वतः फोन करून सांगितलं.